‘आढळला’ म्हणजे काय? सांडपाण्यातील कोरोनाविषाणूंविषयीच्या संशोधन-वाङ्मयाची चिकित्सा

मराठीत ‘कोरोना’ हा शब्द गेल्या काही वर्षांत तीन अर्थांनी रूढ झाला आहे. विषाणूलाही कोरोना म्हणतात, त्याच्यामुळे होणाऱ्या रोगालाही कोरोनाच म्हणतात, आणि ‘कोरोनात शाळा बंद होत्या’ असे कोणी म्हणतो तेव्हा तो एका कालखंडाविषयी बोलत असतो. व्यवहारात ह्याने फारसे बिघडत नाही. संदर्भावरून अर्थ उमगतो. परंतु २०२० साली ‘सांडपाण्यात कोरोना आढळला’ अशी वार्ता देशोदेशींहून येऊ लागली, तेव्हा संदर्भ वाचकाच्या साहाय्यास आला नाही. सांडपाण्यात रोग असू शकत नाही, हे उघड आहे. विषाणू असू शकतो. पण विषाणू म्हणजे जिवंत पेशीत शिरून तेथे वाढण्यास समर्थ असा अखंड कण, की त्या कणाचा मोडून पडलेला अवशेष? हा प्रश्न वार्ताहराने विचारला नाही ह्यात नवल नाही. नवल आहे ते हे की, ज्यांनी तो प्रथम विचारावयास हवा होता अशा काही संशोधन-निबंधांनीही तो अर्धवटच विचारला. आणि त्याचे परिणाम केवळ शाब्दिक राहिले नाहीत. ह्या वाङ्मयातील काही प्रमुख निबंध त्या दृष्टीने तपासून पाहणे अगत्याचे आहे.

कोरोनाविषाणूंचे हे कुलनाम फार जुने नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ह्या कणांभोवती प्रभामंडलासारखी कडा दिसते. तिच्यावरून १९६८ साली काही विषाणुशास्त्रज्ञांनी ते सुचविले. कणाच्या पोटात सुमारे तीस हजार न्यूक्लिओटाइडांची आरएनएची एकच सलग साखळी असते, ती प्रथिनात गुंडाळलेली असते, आणि ह्या सर्वांवर मेदद्रव्याचे दुपदरी आवरण असते. ह्या आवरणात रोवलेल्या काट्यांसारख्या प्रथिनांच्या योगाने विषाणू पेशीस चिकटतो. आवरण फाटले की त्याची संसर्गशक्ती संपते. साबणाने हात धुण्याचा उपदेश ह्याच गोष्टीवर आधारलेला होता. शहराच्या गटारांत तर साबण आणि कपडे धुण्याच्या पावडरी अखंड वाहत असतात, शिवाय तेथे असंख्य जीवाणू व त्यांची विकरे असतात. आवरणाच्या दृष्टीने ह्याहून प्रतिकूल स्थान शोधून सापडणार नाही. मात्र आवरण फाटले म्हणून आतील आरएनए तत्काळ नाहीसा होत नाही. पीसीआर पद्धतीची चाचणी त्या तीस हजार न्यूक्लिओटाइडांपैकी सुमारे शंभरांचा एखादा तुकडा शोधते. तो तुकडा अखंड कणातून आला की विरघळलेल्या कणाच्या अवशेषातून, हे ही चाचणी सांगू शकत नाही; आणि सांगण्याचा तिचा दावाही नाही.

तेव्हा ‘आढळला’ ह्या क्रियापदाचे निदान तीन अर्थ वेगळे राखणे भाग आहे. पहिला : विषाणूच्या आरएनएचा तुकडा सापडला. दुसरा : अखंड कण सापडला. तिसरा : पेशींच्या संवर्धनात वाढून दाखविणारा, म्हणजे संसर्गक्षम विषाणू सापडला. पहिल्यावरून दुसरा सिद्ध होत नाही, दुसऱ्यावरून तिसरा होत नाही. ह्या प्रत्येकासाठी प्रयोगही वेगळा लागतो. सांडपाण्यातील कोरोनाविषाणूंविषयी जे लिहिले गेले त्यातील बहुतांश पहिल्या अर्थाचे आहे, आणि जी भीती पसरली ती तिसऱ्या अर्थाची.

ह्या बाबतीत नेदरलंड्समधील मेदेमा व त्यांचे सहकारी ह्यांचा निबंध आदर्श मानावा लागेल. न्यूवेगेन येथील केडब्ल्यूआर ह्या जलसंशोधन संस्थेच्या ह्या गटाने सहा शहरे व एक विमानतळ येथील मैलापाणी तपासले. ६ फेब्रुवारी २०२० च्या, म्हणजे त्या देशात पहिला रुग्ण नोंदला जाण्याच्या तीन आठवडे आधीच्या नमुन्यांत काही सापडले नाही. ४ व ५ मार्चच्या नमुन्यांपैकी तीन ठिकाणी, आणि १५ व १६ मार्चच्या नमुन्यांपैकी त्याहून अधिक ठिकाणी, विषाणूच्या केंद्रक-प्रथिनाच्या जनुकाचा एक तुकडा सापडला. निबंधाच्या शीर्षकातच ‘आरएनए’ हा शब्द आहे, आणि आतील विवेचन त्या शब्दाची मर्यादा कोठेही ओलांडीत नाही. ह्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील अहमद व त्यांचे सहकारी ह्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यातील काम कसोशीचे आहे, आतील मजकुरात आरएनएच मोजला असल्याचे स्वच्छ म्हटलेले आहे. परंतु शीर्षक मात्र ‘अशुद्धीकृत सांडपाण्यात विषाणूचा पहिला निश्चित शोध’ अशा अर्थाचे आहे. शीर्षकातून एक शब्द गळला एवढेच. पण निबंध वाचणारे शेकड्याने असतात आणि शीर्षक वाचणारे लाखांनी, हे संशोधकांनी लक्षात ठेवावयास हवे होते.

विषाणूची संसर्गशक्ती सांडपाण्यात किती काळ टिकते, हा प्रश्न २०२० पूर्वीही विचारला गेला होता, आणि त्याची उत्तरे बारकाईने वाचण्याजोगी आहेत. २००९ साली अमेरिकेतील गंडी, गर्बा व पेपर ह्यांनी माणसांत सर्दी निर्माण करणारा एक कोरोनाविषाणू व मांजरांचा एक कोरोनाविषाणू घेऊन त्यांची पोलिओविषाणूशी तुलना केली. सांडपाण्यात कोरोनाविषाणू दोन ते चार दिवसांत हजारांत एकाइतके उरले. पोलिओविषाणू त्याहून बराच अधिक काळ तगला. ह्यात अनपेक्षित असे काही नाही. पोलिओविषाणूस मेदाचे आवरण नसते. तो आतड्यातून जाण्यासाठीच घडलेला आहे. त्याच वर्षी कॅसानोव्हा व सहकारी ह्यांनी डुकरांचा व उंदरांचा असे दोन कोरोनाविषाणू घेतले आणि २५ अंश सेल्सियसला सांडपाण्यात ते शंभरांत एकाइतके उरण्यास अनुक्रमे नऊ व सात दिवस लागतात असा निष्कर्ष काढला. दोन निष्कर्षांतील हे अंतर वाचकास कोड्यात टाकते. कारण मात्र पद्धतीच्या विवरणात दिलेले आहे : कॅसानोव्हा ह्यांनी वापरलेले सांडपाणी आधी तापवून निर्जंतुकप्राय केलेले होते. विषाणूस खाणारे, त्याच्या प्रथिनांवर विकरे सोडणारे जीवाणूच ज्या पाण्यातून काढून टाकले, ते पाणी सांडपाणी म्हणावे काय? प्रयोगाच्या सोयीसाठी केलेली ही तडजोड क्षम्य आहे. परंतु २०२० नंतरच्या अनेक समीक्षा-लेखांत हे नऊ व सात दिवस ‘सांडपाण्यातील आयुष्य’ म्हणून त्या तडजोडीचा उल्लेख न करता उतरविले गेले, हे क्षम्य नाही.

मिशिगन विद्यापीठातील विगिंटन ह्यांच्या गटाने २०१६ साली ह्या उणिवेवर बोट ठेवले व न तापविलेले नगर-सांडपाणी वापरले. तेथे उंदरांचा कोरोनाविषाणू २५ अंशांस सुमारे तेरा तासांत दशांशावर आला. ह्या निबंधातील आणखी एक निरीक्षण पुढे फार उपयोगी पडले : आवरणयुक्त विषाणूंपैकी २६ टक्क्यांपर्यंत भाग पाण्यातील घनकणांना चिकटतो, आवरणहीन विषाणूंच्या बाबतीत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे पाणी टाकीत स्थिरावू दिले की ह्या विषाणूचा मोठा अंश गाळाबरोबर तळाशी जाणार. शुद्धीकरण केंद्रातील पाण्यापेक्षा गाळाकडे लक्ष द्यावे, ही सूचना ह्यात गर्भित होती.

हे सारे प्रयोग खऱ्या विषाणूच्या जागी त्याचे भाऊबंद घेऊन केलेले होते. प्रत्यक्ष २०२० च्या साथीतील विषाणू घेऊन बिव्हिन्स व सहकारी ह्यांनी जो प्रयोग केला, त्यात सांडपाण्यात संसर्गक्षम विषाणू दशांशावर येण्यास खोलीच्या तापमानात सुमारे दीड दिवस लागला. ५० अंशांस पंधरा मिनिटे, ७० अंशांस दोन मिनिटे. आरएनए मात्र ह्याहून कितीतरी अधिक टिकला. अहमद ह्यांच्या गटाने केवळ आरएनएचा ऱ्हास मोजला, तो ४ ते ३७ अंशांच्या दरम्यान दशांशावर येण्यास सुमारे २८ ते ८ दिवस लागले. हे दोन आकडे शेजारी ठेवून थोडा हिशेब केला तर ‘आढळला’ ह्या शब्दाची फसगत नीट ध्यानात येते. आरंभी दोन्ही शंभर होते असे मानू. तीन दिवसांनंतर संसर्गक्षम विषाणू शंभरांत एक उरेल. आरएनएसाठी सर्वांत जलद ऱ्हासाचा, म्हणजे आठ दिवसांचा आकडा घेतला तरीही तो शंभरांत बेचाळीस उरेल. चाचणी हे बेचाळीस मोजते, आणि वाचकाच्या मनात ते बेचाळीस जिवंत विषाणू होतात.

अर्थात ह्याच हिशेबाची दुसरी बाजू लपविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शहरातील मैला घरापासून शुद्धीकरण केंद्रापर्यंत सामान्यतः काही तासांत पोचतो, आणि दीड दिवसाच्या हिशेबाने काही तासांत विषाणूची संसर्गशक्ती पुसून जाणार नाही. सहा तासांनंतरही दोन-तृतीयांश उरेल. तेव्हा ‘गटारात विषाणू लगेच मरतो’ हे आश्वासनही टिकत नाही. भीती निराधार ठरते ती अन्य कारणाने : गटारात उतरताना तरी विषाणू जिवंत असतो काय, हाच मुळात संशय आहे. प्रयोगशाळेत सांडपाण्यात मिसळलेला विषाणू पेशींत वाढविलेला, ताजा व मुबलक असतो. रुग्णाच्या आतड्यातून येणाऱ्या विषाणूविषयी तसे म्हणता येत नाही. म्युनिकमधील नऊ रुग्णांचा जो अभ्यास व्होल्फेल व सहकारी ह्यांनी २०२० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला, त्यात मलात आरएनए भरपूर असूनही संवर्धनात एकदाही विषाणू वाढला नाही. चीनमध्ये काही थोड्या रुग्णांच्या मलातून तो वाढविता आला, हेही येथे नोंदविले पाहिजे. मिलान परिसरातील सांडपाणी व नद्या तपासणाऱ्या रिमोल्डी व सहकारी ह्यांना अशुद्धीकृत सांडपाण्यात आणि नद्यांतही आरएनए सापडला, पण संसर्गशक्ती कोणत्याच नमुन्यात सापडली नाही. त्याच्याही आधी, २००३ च्या सार्स साथीत, बीजिंगच्या दोन रुग्णालयांच्या सांडपाण्याविषयी हेच दिसून आले होते : आरएनए होता, संसर्गक्षम विषाणू नव्हता. सांडपाणी स्वतःच पेशींना विषारी असते आणि त्यात विषाणू अतिविरल असतो, त्यामुळे संवर्धनातील अपयश म्हणजे अभावाचा पुरावा नव्हे. तथापि सगळीकडून एकाच दिशेचे अपयश येत राहिले तर त्यालाही काही वजन येते.

मैल्याविषयीची भीती मुळात आली कोठून? हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स ह्या वसाहतीत २००३ च्या मार्च-एप्रिलमध्ये सार्सचे ३२१ रुग्ण झाले; त्यांतील सर्वाधिक एकाच इमारतीतील होते. तपासात न्हाणीघरांच्या मोऱ्यांतील पाण्याचे सापळे, ज्यांना मुंबई-पुण्याकडचे प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, ते कोरडे पडलेले आढळले. सापळ्यातील पाणी सुकल्याने मैल्याच्या उभ्या नळातील हवा व तुषार पंख्याच्या ओढीने घरांत येत होते. हे उदाहरण खरे आहे आणि गंभीर आहे. परंतु त्याचा नीट अर्थ लावला पाहिजे. तेथे धोका होता तो रुग्णाच्या शौचकूपापासून काही मजल्यांच्या अंतरावर, काही मिनिटांच्या आत, आणि हवेच्या वाटेने. त्यावरून काही मैल दूरच्या शुद्धीकरण केंद्रातील पाण्याविषयी अनुमान काढणे म्हणजे चुलीतील ठिणगीवरून राखेच्या ढिगाऱ्याविषयी अनुमान काढणे होय. नहाणी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतीत राहणे हा त्या घटनेचा खरा धडा होता. दुर्दैवाने संशोधन-वाङ्मयात त्याला मिळालेली जागा अगदीच थोडी.

ह्या संदिग्धतेची किंमत कोठे मोजावी लागते, ते वूहानमधील एका निबंधात दिसते. तेथील वूचांग भागात २०२० च्या आरंभी उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयाच्या सेप्टिक टाक्यांतील पाणी झांग व सहकारी ह्यांनी तपासले. सोडियम हायपोक्लोराइटने निर्जंतुक केल्यानंतरही त्या पाण्यात दर लिटरमागे ५०० ते १८,७०० इतक्या आरएनएच्या प्रती सापडल्या. मलाच्या कणांत दडलेला विषाणू टाकीत हळूहळू सुटत असावा, असे त्यांनी सुचविले. हे अनुमान बुद्धीस पटण्याजोगे आहे. क्लोरीन घनकणांच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही हे जलशुद्धीकरणाच्या शास्त्रात जुनेच ज्ञान आहे. पण पुढची पायरी पाहा. ह्या आरएनएच्या आधारे निबंधाने टाकीस विषाणूच्या प्रसाराचा ‘दुय्यम उगम’ म्हटले, शीर्षकात ‘प्रसाराचा संभाव्य धोका’ हे शब्द घातले, आणि निर्जंतुकीकरणाचे प्रचलित प्रमाण, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले अर्ध्या तासानंतर लिटरमागे निदान अर्धा मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन, आरएनए पूर्णपणे नाहीसा व्हावा म्हणून पुन्हा तपासावे असे सुचविले. विषाणू संसर्गक्षम आहे की नाही, हे पाहण्याचा प्रयोग ह्या निष्कर्षाच्या पाठीशी नाही. कसोटी बदलली गेली : विषाणूची संसर्गशक्ती नष्ट करणे हे ध्येय सुटले आणि त्याचा प्रत्येक अवशेष पुसून टाकणे हे ध्येय झाले. क्लोरीन आवरण व प्रथिने आधी निकामी करतो. आरएनएचा शंभर न्यूक्लिओटाइडांचा एखादा तुकडा त्यानंतरही कितीतरी वेळ चाचणीत उतरण्याइतका शाबूत राहू शकतो. प्रेत दिसते म्हणून पुन्हा फाशी द्यावी, असा हा न्याय झाला.

ह्याच निबंधात पुढे जे नोंदविले आहे ते त्याच्या लेखकांच्या सचोटीची साक्ष देते. हायपोक्लोराइटची मात्रा अतिरेकाने वाढविली तेव्हा आरएनए सापडेनासा झाला. मात्र निर्जंतुकीकरणातून उत्पन्न होणारी उपद्रव्ये पाण्यात मोठ्या प्रमाणात उतरली आणि ती परिसरातील जीवसृष्टीस अपायकारक ठरावीत इतकी होती. सेंद्रिय द्रव्यांनी भरलेल्या मैल्यात क्लोरीन ओतला की क्लोरोफॉर्मसारखी संयुगे तयार होतात, हे कोणत्याही जलशुद्धीकरण अभियंत्यास ठाऊक असते. म्हणजे एका न सिद्ध झालेल्या धोक्यावरचा उपाय म्हणून एक सिद्ध धोका पाण्यात सोडला गेला. २०२० साली अनेक देशांत रस्ते, मैदाने, क्वचित माणसेही हायपोक्लोराइटने फवारली गेली. त्या उन्मादाच्या काळात एखाद्या अधिकाऱ्याने ‘टाकीत विषाणू आढळला’ हे वाक्य वाचले तर त्याने दुसरे काय करावे?

शुद्धीकरणाने काय साधते, ह्याविषयीचे निबंधही ह्याच दृष्टीने वाचावेत. भारतातील पहिला पुरावा म्हणून अहमदाबादच्या जुन्या पिराणा केंद्राचा अभ्यास प्रसिद्ध आहे. आयआयटी गांधीनगरच्या मनीष कुमार व सहकारी ह्यांनी ८ व २७ मे २०२० रोजी तेथील नमुने घेतले. आत येणाऱ्या मैल्यात विषाणूचे तिन्ही शोधलेले जनुक सापडले, बाहेर पडणाऱ्या पाण्यात एकही नाही. शीर्षकात ‘जनुकीय द्रव्याच्या शोधाद्वारे’ असे शब्द योजलेले आहेत. ह्या विवेकाचे कौतुक केले पाहिजे. दोन तारखांच्या दरम्यान आरएनएचे प्रमाण सुमारे दहापट वाढले, शहरातील सक्रिय रुग्ण मात्र दुपटीच्या आसपास, हेही तेथे प्रांजळपणे दिले आहे. परंतु दोनच तारखांवर उभारलेल्या कोणत्याही संबंधास ‘कल’ म्हणणे धाडसाचे आहे. शिवाय ‘बाहेरच्या पाण्यात नाही’ ह्याचा अर्थ केंद्राने विषाणू नष्ट केला असा होतोच असे नाही. तो गाळात गेला असेल. किंवा चाचणीच्या पकडीखाली उतरला असेल.

चाचणीची पकड म्हणजे काय, हे जपानमधील यामानाशी विभागातील हारामोतो व सहकारी ह्यांच्या निबंधाइतके कोणी स्पष्ट केलेले नाही, आणि तेही बहुधा नकळत. त्यांना शुद्धीकरणानंतरच्या एका नमुन्यात आरएनए सापडला, आणि आत येणाऱ्या कच्च्या मैल्याच्या एकाही नमुन्यात सापडला नाही. वरवर पाहता केंद्रच विषाणू निर्माण करीत आहे असे वाटावे! खरी गोष्ट अशी की, शुद्ध झालेले पाणी गाळण्यास सोपे असल्याने त्याचे कितीतरी मोठे आकारमान गाळून तपासता आले. कच्चा मैला थोडाच घेता आला. जाळे जितके मोठे तितका मासा सापडण्याचा संभव अधिक. ‘आढळला नाही’ ह्या वाक्यालाही ‘किती पाण्यात’ हे परिमाण जोडल्यावाचून अर्थ येत नाही, हे ह्या निबंधाने दाखविले.

विषाणूचे अवशेष धोकादायक नसले तरी निरुपयोगी नाहीत. धोका म्हणून नव्हे, तर साक्षीदार म्हणून सांडपाण्याचे मोल आहे : चाचणी न केलेला, लक्षणे नसलेला मनुष्यही त्यात आपली नोंद ठेवून जातो. पण साक्षीदाराच्या जबानीतही अतिशयोक्ती शिरते. अमेरिकेतील न्यू हेवन येथे पेसिया व सहकारी ह्यांनी १९ मार्च ते १ जून २०२० पर्यंत दररोज केंद्रातील प्राथमिक गाळ तपासला. निबंधाच्या मुद्रणपूर्व प्रतीत गाळ रुग्णांच्या चाचण्यांच्या सात दिवस पुढे धावतो असे म्हटले होते, आणि ‘सात दिवस आधी इशारा’ हे वाक्य जगभर गेले. ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ने छापलेल्या अंतिम निबंधात हे सात दिवस विभागले गेले. चाचणीचा निकाल जाहीर होण्याच्या तारखेशी तुलना केली तर गाळ सहा ते आठ दिवस पुढे. नमुना घेतल्याच्या तारखेशी केली तर शून्य ते दोन दिवस पुढे. रुग्णालयातील भरतीशी केली तर एक ते चार दिवस पुढे. म्हणजे त्या सात दिवसांतील बहुतेक दिवस सांडपाण्याच्या दूरदृष्टीचे नव्हते, कचेऱ्यांच्या दिरंगाईचे होते. समीक्षकांच्या तपासणीतून निबंध किती सुधारू शकतो, ह्याचे इतके चांगले उदाहरण ह्या विषयात दुसरे नाही. बार्सिलोनाच्या मार्च २०१९ च्या एका नमुन्याची कथा येथे एका वाक्यात आटोपण्यासारखी आहे : पाचांपैकी दोनच चाचण्यांत उतरलेल्या त्या एकुलत्या नमुन्याने जून २०२० मध्ये खळबळ उडविली, आणि २०२१ च्या प्रकाशित निबंधाच्या सारांशात त्याचा उल्लेखही नाही, तेथे दावा आहे तो शहरातील पहिल्या रुग्णाच्या ४१ दिवस आधीचा.

आरएनएच्या प्रतींवरून माणसे मोजण्याचा उद्योग अधिक नाजूक आहे. दर लिटरमागील प्रती गुणिले रोजचे पाणी, भागिले एका रुग्णाच्या रोजच्या मलातील प्रती, असे हे गणित. त्यातील भाजक व्यक्तीव्यक्तीत हजारो पटींनी बदलतो, आणि एकाच व्यक्तीत दिवसागणिक बदलतो. ब्रिस्बेनच्या अभ्यासात अहमद ह्यांनी ही अनिश्चितता गणितात घालून १७१ ते १,०९० असे उत्तर दिले. हे उत्तर विस्तृत आहे म्हणूनच विश्वसनीय आहे. ऑगस्ट २०२० मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी व आयआयसीटी ह्या संस्थांनी सांडपाण्यावरून शहरात मागील ३५ दिवसांत सुमारे ६.६ लाख लोक बाधित झाले असावेत असा अंदाज जाहीर केला. बाधितांची खरी संख्या नोंदींपेक्षा कितीतरी अधिक असणार, हा त्यातील आशय बरोबरच होता व तो सांगण्याचे धैर्य त्या वेळी मोलाचे होते. परंतु वृत्तपत्रांतून तो एकच आकडा म्हणून लोकांपुढे आला, आणि एकच आकडा दिला की तो मोजलेला वाटतो, अंदाजलेला वाटत नाही. त्यात आपल्याकडील शहरांचा मोठा भाग मैलावाहिन्यांना जोडलेला नसतो. सेप्टिक टाक्यांतून आणि उघड्या नाल्यांतून जे वाहते त्याच्यामागे किती माणसे उभी आहेत हे पालिकेसही नेमके ठाऊक नसते, पावसाळ्यात तर नाल्याच्या पाण्याचे आकारमानही हाती राहत नाही. अशा ठिकाणी आकड्यांची चढउतार पाहावी. माणसे मोजू नयेत.

मुंबईस ह्या कामाची जुनी सवय आहे. तेथील सांडपाण्यात पोलिओविषाणूचा शोध २००१ पासून घेतला जातो, आणि त्याच व्यवस्थेच्या आधाराने झालेल्या अभ्यासात मार्च २०२० मधील नमुन्यांत नव्या कोरोनाविषाणूचा आरएनए सापडला नाही, मे महिन्यात मात्र तपासलेल्या सहाही विभागांत सापडला. दोन्ही शोधांची रीत शेजारी ठेवली की भेद स्पष्ट होतो. पोलिओच्या कामात सांडपाण्याचा अंश जिवंत पेशींवर घालतात, दिवसेंदिवस वाट पाहतात, पेशी मरू लागल्या की विषाणू वाढला असे समजतात आणि मग त्याची जात ओळखतात. तेथे ‘आढळला’ म्हणजे वाढून दिसला. त्याच विभागातून, कदाचित त्याच बाटलीतून घेतलेल्या पाण्याच्या दुसऱ्या अंशाविषयी कोरोनाच्या निबंधात ‘आढळला’ असे लिहिले जाते, तेव्हा एक तुकडा चाचणीत उतरला एवढेच म्हटलेले असते. पहिल्या शोधानंतर आरोग्यखात्याने त्या वस्तीत लस पाजण्यास निघावयाचे असते. दुसऱ्या शोधानंतर पुढील आठवड्याचा नमुना घेऊन तो वाढला की घटला, हे पाहावयाचे असते.